रायफलीची नळी : स्टेनलेस व ब्ल्यूइंग केलेले पोलाद

रायफलीची नळी : गोळीला दिशा, वेग आणि स्वतःभोवती फिरण्याची गती देणारा रायफलीचा भाग. नळीच्या आतल्या भिंतीवर मळसूत्राप्रमाणे वळत जाणाऱ्या खाचा असतात, त्यांना आटे म्हणतात. शिकारीच्या व नेमबाजीच्या रायफलींच्या नळ्या आज मुख्यतः दोन प्रकारच्या पोलादांच्या करतात : (१) क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त मिश्र पोलाद, ज्याला बाहेरून ब्ल्यूइंग करतात आणि (२) अगंज किंवा स्टेनलेस पोलाद. ब्ल्यूइंग हा पृष्ठभागावरचा संस्कार आहे, तर गंजाला दाद न देणे हा स्टेनलेसमध्ये धातूचाच गुण आहे. नळीची निवड या भेदापासून सुरू होते.

धातू : मिश्र पोलादाचा सर्वांत रूढ प्रकार ‘४१४०’ होय. त्यात कार्बन ०.३८ ते ०.४३%, क्रोमियम ०.८ ते १.१% व मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५% असते. लष्करी नळ्यांसाठी जास्त कार्बनचे ‘४१५०’ वापरतात. स्टेनलेस नळ्या ‘४१६’ या जातीच्या किंवा तिच्यापासून मुद्दाम नळ्यांसाठी बेतलेल्या ‘४१६ आर’च्या असतात. ‘४१६’मध्ये क्रोमियम १२ ते १४% असते आणि यंत्रकाम सोपे व्हावे म्हणून गंधकही घातलेले असते.

स्वयंपाकघरातल्या स्टेनलेस भांड्यांशी या पोलादाची गल्लत करू नये. भांड्यांच्या पोलादात सुमारे १८% क्रोमियम व ८% निकेल असते. ते गंजाला अधिक टिकते, पण उष्णता-संस्काराने कठीण करता येत नाही. नळीचे पोलाद कठीण करता येते, त्याला लोहचुंबक चिकटतो आणि दुर्लक्ष झाले तर ते गंजतेही. घाम व समुद्राची खारी हवा यांतील क्लोराइडांमुळे त्यावर बारीक खळगे पडतात.

उष्णतावहनात दोन्ही धातूंमध्ये मोठा फरक आहे. ‘४१४०’ची वाहकता मीटर-केल्विनला सुमारे ४२ वॅट, तर ‘४१६’ची सुमारे २५ वॅट आहे. घनता जवळपास सारखीच असल्याने वजनात मात्र जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

इतिहास : स्टेनलेस पोलादाच्या इतिहासात रायफलीच्या नळीला मानाचे स्थान आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे जॉन ब्राउन आणि टॉमस फर्थ या दोन पोलाद कंपन्यांनी मिळून चालवलेल्या प्रयोगशाळेचे प्रमुख हॅरी ब्रियर्ली (१८७१–१९४८) यांच्याकडे १९१२ मध्ये नळ्यांच्या झिजेचा प्रश्न आला. नळीची आतली भिंत तप्त वायूंनी खरवडली जाई, गोळी सैल बसू लागे आणि नेम बिघडे. जास्त क्रोमियम घातल्यास वितळणबिंदू वाढून झीज थांबेल, अशा विचाराने त्यांनी प्रयोग केले. ऑगस्ट १९१३ मध्ये ओतलेल्या पोलादात क्रोमियम १२.८% व कार्बन ०.२४% होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नमुन्यावर नायट्रिक अम्लाचा सौम्य द्राव लावला असता तो नेहमीसारखा खरवडला गेला नाही. व्हिनेगर व लिंबाचा रसही त्याने दाद न देता सोसला. हे पोलाद आधी गाजले ते सुऱ्या-काट्यांत. नळ्यांत ते बरेच नंतर रुळले. शोधाचे श्रेय एकट्या ब्रियर्लींना द्यावे की नाही याविषयी मतभेद आहेत. जर्मनीतील क्रुप कंपनीचे संशोधक व अमेरिकेतील एलवुड हेन्स यांचे कामही त्याच सुमाराचे आहे.

दोन महायुद्धांच्या दरम्यान अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीने काही बंदुकांना स्टेनलेस नळ्या बसवल्या. त्या काळी गंजाचे मोठे कारण काडतुसातच होते. काडतूस पेटवणाऱ्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटमधून निघणारे क्षार हवेतील ओल शोषून घेत, आणि तेल कितीही लावले तरी ते विरघळत नसत. म्हणून सैनिक नळीत आधी उकळते पाणी ओतत, मग ती कोरडी करून तेल लावत. १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून क्लोरेट नसलेल्या नव्या टोप्या आल्या आणि हा धोका ओसरला.

ब्ल्यूइंग : पोलादाच्या पृष्ठभागावर लोहाचे काळे ऑक्साइड (मॅग्नेटाइट) तयार करण्याची क्रिया. हा थर साधारण १ मायक्रॉन जाडीचा असून निळसर काळा दिसतो. तो सच्छिद्र असल्याने त्याची खरी कामगिरी तेल धरून ठेवण्याची आहे. तेल पुसले गेले की संरक्षणही संपते.

(अ) उष्ण ब्ल्यूइंग : दाहक सोडा व नायट्रेट-नायट्राइट क्षारांच्या सुमारे १३५ ते १५० अंश सेल्सिअस तापलेल्या द्रावात नळी बुडवतात. काम झटपट होते, म्हणून कारखान्यांत हीच पद्धत आहे. (आ) गंज-ब्ल्यूइंग : ही जुनी, संथ व हातकामाची पद्धत. नळीवरचे तेल पूर्ण काढून अम्लयुक्त द्राव हलक्या हाताने फिरवतात आणि दमट पेटीत ती टांगून ठेवतात. काही तासांत तिच्यावर मखमलीसारखा तांबूस गंज चढतो. मग नळी शुद्ध पाण्यात उकळतात, तेव्हा तोच गंज काळा होतो. सुटी भुकटी बारीक तारेच्या ब्रशने झाडून पुन्हा द्राव लावतात. असे पाच-सात फेरे झाल्यावर रंगाला खोली येते. दुनळी बंदुकांना हीच पद्धत लागते, कारण त्यांच्या नळ्या कथील-शिशाच्या डाखाने जोडलेल्या असतात आणि उष्ण दाहक द्राव तो डाख खातो.

नेहमीच्या ब्ल्यूइंगने स्टेनलेस काळे होत नाही, कारण त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा थर आधीच असतो. चकाकी नको असल्यास वाळूच्या झोताने ते मंद करतात किंवा त्यावर दुसरे लेप देतात.

झीज : नळीचे आयुष्य बाहेरच्या रंगावर ठरत नाही. ते ठरते काडतूस बसते त्या कोठीच्या लगेच पुढे, जिथे आटे सुरू होतात तिथल्या काही सेंटिमीटरांत. .३०८ विंचेस्टर काडतुसाचा कमाल दाब सुमारे ४१५ मेगापास्कल असतो, .२२ लाँग रायफलचा सुमारे १६५. म्हणूनच .२२च्या नळीची वायूंमुळे होणारी झीज नगण्य असते आणि तिला सफाईतल्या निष्काळजीपणाचाच अधिक धोका असतो. वेगवान काडतुसांत, आणि लागोपाठ गोळ्या झाडल्यास, झीज फार लवकर होते. अशा वापरात स्टेनलेस नळी अचूकता अधिक काळ टिकवते, असा स्पर्धक नेमबाजांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

अचूकता : उंची स्पर्धात्मक नळ्या बहुतांशी स्टेनलेसच्या असतात. धातू सफाईने कापला जातो आणि आतून घासून गुळगुळीत करणे सोपे जाते, हे त्याचे कारण. आटे नीट पाडले असतील, तर मिश्र पोलादाची नळीही तितकीच अचूक ठरते.

कडाक्याची थंडी : गंधकयुक्त स्टेनलेस अतिशीत तापमानात ठिसूळ होऊ शकते, म्हणून पातळ नळ्यांबाबत काही उत्पादक सावधगिरीच्या सूचना देतात.

लष्करी नळ्या : बहुधा मिश्र पोलादाच्या, आत क्रोमियमचा मुलामा, बाहेर फॉस्फेटचा थर.

भारत : पश्चिम बंगालमधील इशापूर येथील रायफल कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल परवानाधारकांत परिचित आहे. तिची नळी काळी केलेली असते. शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्रांच्या दुरुस्तीसाठीही परवाना लागतो, त्यामुळे नळी बदलण्याचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील बंदुका रायफली नसल्या, तरी गंजाचे गणित तेच आहे. पावसाळ्यात बंदूक कातडी किंवा कापडी खोळीत ठेवू नये. खोळ ओल धरते आणि ब्ल्यूइंग आतल्या आत जाते.

किंमत : स्टेनलेस सामान्यतः महाग.

निवड : पाऊस, खारी हवा व दीर्घ मुक्काम असेल, किंवा स्पर्धेसाठी हजारो गोळ्या झाडायच्या असतील, तर स्टेनलेस घ्यावी. कोरड्या प्रदेशात, मोजक्या वापरासाठी आणि नियमित तेल लावणाऱ्याच्या हाती ब्ल्यूइंग केलेली नळी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दोन्ही नळ्या वापरानंतर त्याच दिवशी आतून साफ कराव्या लागतात. स्टेनलेस नळीलाही यातून सूट नाही.