स्कूटरचे दोन्ही दिवे एकदम पेटवायचे? आधी विजेचा हिशेब करा

जोडदिव्यांची स्कूटर घेणाऱ्याला पहिल्याच रात्री एक प्रश्न पडतो. कंपनीने दिवे दोन दिले आहेत, मग पेटतो एकच कसा? समोरून पाहणाऱ्यालाही एक डोळा मिटलेली ही गाडी बिघडलेलीच वाटते. सिग्नलला शेजारी थांबलेला एखादा सज्जन 'तुमचा एक लाइट गेलाय' असे आवर्जून सांगतो. मग गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे फेरी होते. तो दोन वायरी सोलतो, एकमेकींना पिळतो, वर काळी टेप गुंडाळतो आणि दहा मिनिटांत दोन्ही दिवे लागतात. पुढे काही आठवड्यांनी सेल्फ मारला की नुसता 'टक्' असा आवाज येऊ लागतो. त्या दहा मिनिटांच्या कामाशी या आवाजाचा संबंध आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

दोन दिव्यांपैकी एकच पेटणे हा बहुतेक वेळा बिघाड नसून मुद्दाम केलेली रचना असते. अशा स्कूटरमध्ये एक दिवा डिप्परचा, म्हणजे जवळच्या झोताचा असतो आणि दुसरा अप्परचा, म्हणजे लांबच्या झोताचा. दोन्ही दिव्यांचे बाह्यरूप सारखे दिसले, तरी आतले परावर्तक वेगळे असतात. डिप्परचा परावर्तक प्रकाश खाली दाबतो आणि एका ठराविक रेषेच्या वर जाऊ देत नाही. अप्परचा परावर्तक तोच प्रकाश सरळ समोर, दूरवर फेकतो. काही गाड्यांत अप्पर लावल्यावर डिप्पर चालू राहतो, काहींत तो विझतो. २०१६ मध्ये पियाजिओच्या बारामतीच्या कारखान्यातून ॲप्रिलिया एसआर १५० बाहेर पडली आणि जोडदिव्यांचा चेहरा आपल्या रस्त्यांवर परिचयाचा झाला. युरोपातील छोट्या स्पोर्टी स्कूटरींना तो त्याआधीच चिकटलेला होता.

नेमके काय हवे आहे?

'दोन्ही दिवे एकदम' या मागणीचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात आणि सगळा घोळ तेथूनच सुरू होतो. पहिला अर्थ असा, की अप्पर लावल्यावर डिप्परही तेवत राहावा. ही मागणी रास्त आहे. डिप्पर विझला की दूरचे झाड उजळते, पण चाकापुढचा खड्डा अंधारात जातो. आपल्याकडच्या रस्त्यांवर हा सौदा परवडणारा नाही. दुसरा अर्थ असा, की बटण कोठेही असो, दोन्ही दिवे कायम लागलेले असावेत. म्हणजे शहरातल्या गर्दीतही अप्पर सतत समोरच्याच्या डोळ्यांत. याचे समर्थन कोणत्याही अंगाने करता येत नाही.

गंमत अशी, की वायरी नुसत्या पिळल्या तर हा दुसराच प्रकार पदरात पडतो. डिप्परची आणि अप्परची वायर एकमेकींना जोडली, की तो दोन्ही बाजूंनी चालणारा पूल होतो. अप्परची वीज डिप्परकडे जाते, तशीच डिप्परची वीज अप्परकडेही जाते. हॅण्डलवरचे बटण मग निव्वळ शोभेचे उरते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये पुढच्या दिव्याच्या झोताबद्दल स्पष्ट अपेक्षा आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा. दीड मीटर ही समोरून येणाऱ्या कोणाही पादचाऱ्याच्या डोळ्यांच्या आसपासची उंची झाली.

बल्ब कोणता, हे आधी पाहावे

काच काढून बल्ब पाहिल्याशिवाय पक्कड हाती घेऊ नये. दिव्यात एकाच तारेचा बल्ब असेल (एच ७ हा त्यातला माहितीतला प्रकार, ५५ वॉटचा) तर दोन दिवे दोन स्वतंत्र बल्बांचे आहेत आणि ते एकत्र पेटवण्याचा विचार तरी करता येतो.

बल्ब दोन तारांचा असेल, तर गोष्ट वेगळी. मोटारींत आणि मोठ्या मोटरसायकलींत वापरला जाणारा एच ४ हा ६०/५५ वॉटचा, तर दुचाकींसाठीचा त्याचा धाकटा भाऊ एचएस १ हा ३५/३५ वॉटचा. एकाच काचेत अप्पर आणि डिप्पर अशा दोन तारा असतात. डिप्परच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते आणि त्यामुळेच झोत वर उडत नाही. या दोन्ही तारा सतत एकत्र पेटवल्या, तर एच ४ च्या चिमुकल्या काचेत ११५ वॉटची उष्णता साठते. होल्डर करपतो, जोडाचे प्लास्टिक वितळते, परावर्तकाची चकाकी काळवंडते. काही गाड्यांत पासिंगचे बटण दाबल्यावर क्षणभर दोन्ही तारा पेटतात, हे खरे. पण ते क्षणभरच.

एलईडी दिव्यांच्या नव्या स्कूटरींना या खटाटोपातून वगळावे. तेथे बल्ब नसतो. दिव्याच्या मागेच विजेचा प्रवाह नियंत्रित करणारे सर्किट असते. त्यात बाहेरून वायर घुसवली तर बल्ब नव्हे, अख्खा दिवा बदलावा लागतो.

मॅग्नेटोची मिळकत, दिव्यांचा खर्च

स्कूटरमधली सगळी वीज इंजिनाला जोडलेल्या मॅग्नेटोतून येते. बॅटरी ही तिजोरी, कमावणारा मॅग्नेटोच. जुन्या चेतकवर रात्री फिरलेल्यांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. तिचा हेडलाइट मॅग्नेटोवरच चाले. एक्सिलेटर पिळला की उजेड वाढे, सिग्नलला गाडी थांबली की दिवा मेणबत्तीसारखा मंद होई. पुढे बॅटरीवरच्या स्कूटरी आल्या, तरी त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा हेडलाइट अनेक वर्षे थेट मॅग्नेटोच्या एसी विजेवरच राहिला. आपली गाडी कोणत्या जातीची, हे ओळखण्याची साधी खूण आहे. इंजिन बंद असताना चावी फिरवून हेडलाइट लागला, तर तो बॅटरीवर, म्हणजे डीसीवर आहे. इंजिन सुरू असताना उजेड एक्सिलेटरबरोबर ठळकपणे खाली-वर होत असेल, तर तो बहुधा एसीवर आहे.

एसीवरच्या गाडीला दुसरा दिवा जोडणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार ठरतो. दिव्यासाठी काढलेली कॉइल ठराविक वीजच देते. खाणारे दोन झाले, की दोघेही अर्धपोटी राहतात आणि उजेड वाढण्याऐवजी पिवळट होतो. त्याचे कारण बल्बच्या स्वभावात आहे. हॅलोजन बल्बचा व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरला, की त्याचा उजेड दहा नव्हे, सुमारे तीस टक्क्यांनी घटतो.

डीसीवरच्या गाडीचा हिशेब कागदावर मांडता येतो. उदाहरणापुरते धरू, की मॅग्नेटो चालत्या गाडीत १०० वॉट देतो. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. ३५ वॉटचे दोन दिवे मिळून ७० वॉट. मागचा दिवा ५ वॉट. ब्रेकलाइट आणि इंडिकेटर मधूनमधून लागतात, त्यांचे सरासरी १५ धरू. इंधन इंजेक्शनच्या गाडीत पंप, ईसीयू आणि स्पार्क यांचे ५० वॉट धरू. बेरीज १४०. म्हणजे ४० वॉटची तूट. ही तूट बॅटरी भागवते आणि १२ व्होल्टला ४० वॉट म्हणजे सुमारे ३.३ अँपिअर. स्कूटरची बॅटरी सहसा ५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. दीड तासात ती पार रिकामी. सेल्फ उचलण्याची ताकद तर त्याच्या बरीच आधी गेलेली असते. ५५ वॉटचे दोन बल्ब असतील तर हे गणित आणखी बिघडते. शिवाय ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद चालत असताना मॅग्नेटोचे १०० वॉटही मिळत नाहीत.

पूर्वी बॅटरी बसली तर किक मारून घरी येता येई. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि कार्बोरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. तेथे बॅटरी पुरती मेली, की पेट्रोलचा पंपही थंडावतो. कित्येक नव्या स्कूटरींना किकच नाही. जास्त उजेडासाठी केलेली जोडणी रात्री घाटात गाडी अंधारात उभी करू शकते, ती अशी.

कागदावरच्या हिशेबाची परीक्षा मल्टिमीटरने होते. सगळे दिवे लावून, इंजिन नेहमीच्या वेगाइतके फिरवत ठेवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजावा. तो १३ च्या वर टिकला तर मिळकत खर्चाला पुरते आहे. १२.६ च्या खाली घसरू लागला, तर गाडी साठवणीवर जगते आहे.

जोडणी करायचीच असेल तर

बल्ब वेगवेगळे आहेत, गाडी डीसीवर आहे, हिशेब जमतो आहे आणि मागणी फक्त 'अप्परबरोबर डिप्पर' एवढीच आहे, अशा गाडीतही वायरी पिळू नयेत. त्यासाठी रिले वापरावा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तो कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. त्याच्या पायांवर ८५, ८६, ३० आणि ८७ असे आकडे असतात. ८६ ला अप्परची वायर द्यावी, ८५ अर्थ करावा. बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूजमार्गे आलेली वायर ३० ला जोडावी आणि ८७ मधून निघालेली वायर डिप्परच्या बल्बला द्यावी. अप्पर लावला की रिले खटकन ओढला जातो आणि डिप्परला बॅटरीतून वीज मिळते. डिप्पर एकटा लावला, तर रिले झोपलेलाच राहतो आणि वीज अप्परकडे उलट जाऊ शकत नाही. पुलाचा रस्ता येथे एकेरी होतो.

काही कारागीर रिलेऐवजी डायोड घालतात. कामापुरता तो चालतो, पण साध्या सिलिकॉन डायोडवर सुमारे पाऊण व्होल्ट वाया जातो, तो तापतो आणि डिप्पर फिका पडतो. एसीवर तर डायोड अर्धी वीजच पुढे सोडतो आणि रिले थरथरत राहतो.

फ्यूज बॅटरीजवळच हवा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मधली वायर घासून उघडी पडली तर ती वाचवू शकत नाही. या रिलेमधून फक्त डिप्परचा प्रवाह जातो, तेव्हा ५५ वॉटच्या बल्बलाही १० अँपिअरचा फ्यूज आणि दीड चौरस मिलिमीटरची वायर भरपूर झाली. पण गाडीचा मूळ फ्यूज वारंवार उडू लागला म्हणून त्याजागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे हा आत्मघात आहे. हॅण्डलपाशी वायरीला थोडा झोल ठेवावा, नाहीतर हॅण्डल वळवताना ती ताणली जाते. पिळून टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसाळ्यापुरता असतो. सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवलेला जोड टिकतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मालकाला आपल्या वाहनात वाटेल तसा फेरफार करता येत नाही. उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपापासून वाहन वेगळे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा फेरफारासाठी दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आतला एक रिले रस्त्यावरच्या हवालदाराला दिसणार नाही, हे खरे. डिप्परवर जळणारा अप्पर मात्र लांबूनही दिसतो. वॉरंटीतल्या गाडीचे वायरिंग कापले, तर विजेच्या कोणत्याही तक्रारीवर सर्व्हिस सेंटर हात वर करू शकते. म्हणून वॉरंटी संपेपर्यंत या वाटेला न गेलेलेच बरे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि बंद करण्याचे बटणच नसते. अशा गाडीत डिप्परचा भार दिवसाही चालू असतो, हेही हिशेबात धरावे.

आमच्या मते मात्र कमी उजेडाची तक्रार असणाऱ्यांपैकी बहुतेकांना दुसऱ्या दिव्याची गरजच नसते. त्यांनी आधी डिप्परच्या होल्डरवर, दिवा चालू ठेवून, व्होल्टेज मोजावा आणि बॅटरीवरच्या आकड्याशी ताडून पाहावा. दोहोंत एक व्होल्टहून अधिक फरक निघाला, तर उजेड वाटेतच मुरतो आहे. गंजलेला अर्थ, सैल होल्डर, काळवंडलेले बटण यांतले काहीतरी कारण असते आणि सँडपेपरचा तुकडा ते काम करतो.

दुसरी तपासणी झोताच्या उंचीची. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी स्टँडवरून उतरवून, तिच्यावर स्वार बसवून उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखावी. डिप्परच्या उजेडाची वरची कडा या खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली यायला हवी. ती फार खाली असेल तर पुढचा रस्ता अपुरा दिसतो, वर असेल तर समोरच्याला त्रास होतो. मागे नेहमी कोणी बसत असेल, तर त्यालाही बसवूनच मोजावे, कारण मागचे वजन वाढले की पुढचा झोत वर उचलला जातो. दिव्याच्या मागे किंवा खाली असलेला स्क्रू फिरवून हे काम पाच मिनिटांत होते आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही.