रक्तीला लाज कसली?

आज अशा पदार्थाविषयी बोलू, जो कितीतरी घरांत शिजतो, पण शेजारणीने विचारलं तर "मटण केलंय" एवढंच सांगितलं जातं. रक्ती.

बोकड कापताना रक्त स्वच्छ भांड्यात धरायचं, मीठ टाकायचं. ते दह्यासारखं थिजतं. मग उकळत्या पाण्यात घट्ट शिजवून वड्या पाडायच्या आणि भरपूर कांदा, लसूण, मिरचीवर परतायच्या. चव साधारण कलेजीसारखी.

तिकडे कोरियात रक्ताचा पदार्थ भर बाजारात विकतात. नाव सुंदे. डुकराचं आतडं धुऊन त्यात रक्त, भात किंवा रताळ्याच्या पिठाच्या शेवया आणि भाजी भरून उकडतात, चकत्या करून मिठाबरोबर खातात. राजधानी सोलमध्ये सिल्लिम भागात सुंदेच्या दुकानांची अख्खी वस्ती आहे. सोकचो या समुद्रकाठच्या गावात 1950 ते 1953 च्या युद्धात उत्तरेकडून निर्वासित आले. त्यांचं सुंदे आज तिथली ओळख आहे, लोक मुद्दाम खायला जातात. मांस महाग होतं, म्हणून रक्त-आतडं गरिबाच्या हाती लागलं. गोष्ट आपल्यासारखीच!

मग आपल्याकडेच लाज का? कारण आपल्याकडे ताटावरून जात ओळखली जायची. चांगलं मांस मानकऱ्यांकडे. रक्त, आतडी, मुंडी, पाय खालच्या मानलेल्यांकडे. मेलेली गुरं ओढण्याचं काम तर गावाने महारांवर लादलेलंच होतं. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. तो लादलेल्या अपमानाला नकार होता. ताज्या बोकडाची रक्ती वेगळी, पण हिणवणाऱ्यांनी हा फरक कधी केला नाही.

शाहू पाटोळे यांनी 2015 साली मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या जेवणावर पुस्तक लिहिलं. नाव ठेवलं 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. पाककृतींच्या छापील पुस्तकांत हे पदार्थ नाहीत, हे त्यांनी दाखवून दिलं. मला वाटतं, त्यात बायांचं शहाणपणही सुटलं. चुन्याच्या पाण्याने वजडी पांढरीशुभ्र करणं काय सोपं काम आहे?

आणि अंगात रक्त कमी म्हणून आपण गोळ्या घेतो. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायांना ही तक्रार आहे. रक्तीतलं लोह शरीराला सहज लागतं. गोळ्या मात्र बंद करू नका.

कुठे मिळेल? हॉटेलात क्वचितच. जत्रेत बोकड पडतो त्या दिवशी, नाहीतर ओळखीच्या खाटकाला आदल्या दिवशी सांगून सकाळी लवकर भांडं घेऊन जा. त्याच दिवशी शिजवा, ठेवून देऊ नका. वडी मोडून पाहा. आत लाल दिसली तर पुन्हा उकळू द्या.