पिसवेच्या पोटातली नाकेबंदी

पुण्याचा प्लेग म्हटला की रँड आणि चापेकर आठवतात. आज त्या गोष्टीतल्या खऱ्या शत्रूबद्दल बोलू. तो दडला होता पिसवेच्या पोटात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे तो पुण्यात पोचला. १८९७ मध्ये रँडसाहेबाने घरझडतीला गोरे सोजीर लावले. त्यांनी देवघरंसुद्धा सोडली नाहीत. १० मार्चला, रुग्णसेवेत लागण होऊन, सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेग आमच्या बंगळुरात आला. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहती वाढल्या त्या त्याच्याच धास्तीने.

मी फौजी माणूस. टेहळणी न करता चढाई केली तर मार रयतेला बसतो, एवढं मला कळतं. इथे तेच झालं.

टेहळणी केली ती डॉक्टरांनी. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या पिसवेवर बोट ठेवलं, पण त्याचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मग मुंबईत कॅप्टन ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून पिसवा पकडल्या. प्लेग कमिशनच्या प्रयोगांत, पिसवांपासून वाचवलेले प्राणी प्लेगपासूनही वाचले.

पण पिसू रोग देते कशी? १९१४ मध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी ते दाखवलं. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी काटेरी झडप असते. प्लेगचे जंतू तिथे एकमेकांना चिकटून बुळबुळीत थर बांधतात. आज त्याला बायोफिल्म म्हणतात. वाट बुजते, पिसू उपाशी राहते आणि पुन्हा पुन्हा चावते. शोषलेलं रक्त बोळ्यावर आपटून जंतूंसकट जखमेत परत येतं.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी यामागची जनुकं दाखवली. ती बंद पडली तर जंतू पोटात जगतात, पण वाट बुजत नाही. हवा फार तापली तरी बोळा नीट बांधला जात नाही. उन्हाळ्यात प्लेग ओसरायचा, त्यामागचं हे एक कारण.

आणखी एक गंमत. पिसवेने कोणाचं रक्त प्यालं, यावरही पुढचं ठरतं. उंदराचं हिमोग्लोबिन सहज विरघळत नाही. पिसवेच्या पोटात त्याचे स्फटिक होतात, रक्त उलटं वर येतं आणि जंतूंना झडपेशी ठाण मांडायला मदत होते. म्हणजे प्राण्याच्या रक्तातला एक रेणू जंतूंच्या मोर्चेबांधणीत हातभार लावतो.

आपल्या आतड्यांतले जंतूही असेच थर बांधतात. तिथे पित्तरस आणि श्लेष्मा यांचा त्यांच्यावर परिणाम होतो. पटकीचा जंतू पित्तरस लागताच थर करून राहतो, असं प्रयोगांत दिसलं आहे.

पुण्याच्या माजघरात बूट घालून शिरलेल्या सोजिराला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला पाठवणाऱ्यांनाही नव्हतं. पण लोकांना विश्वासात घ्यायला पिसू सापडायची वाट पाहावी लागत नव्हती. साथ आली की हे आधी आठवा.

जय हिंद.