टोपी आणि तिचं गिऱ्हाईक

परवा वीकेंडला जर्मन लष्करी टोप्यांबद्दल वाचत बसलो होतो. प्रशियाची टोकदार 'पिकलहाउबं' आली 1842 मध्ये. 1916 पासून पोलादी हेल्मेटनं तिला हटवलं आणि 1918 मध्ये तर कैसरच गेला. मग टोपीवाले जगले कसे? गिऱ्हाईक बदलून! गावोगावच्या नेमबाजी मंडळांना, वाद्यपथकांना आजही तसल्या थाटाच्या टोप्या लागतात.

म्हटलं, आपल्या नागपुरात काय वेगळं आहे? संघ सुरू झाला 1925 मध्ये, महालात. सुरुवातीचा गणवेश पक्का लष्करी वळणाचा: खाकी शर्ट, हाफ पँट, लांब बूट, खाकी टोपी. 1930 मध्ये टोपी काळी झाली. 1940 च्या सुमारास शर्ट पांढरा झाला, 1973 मध्ये बूट बदलले, 2016 मध्ये हाफ पँट गेली. गंमत बघा, सगळ्यात आधी बदलली टोपी, आणि मग टिकली तीच.

या टोपीमागे ना पलटण, ना सरकारी टेंडर. स्वयंसेवक ती स्वतःच्या पैशानं घेतो. तुम्हाला संघ पटो न पटो, धंद्याचा हिशोब सरळ आहे. फौजेची ऑर्डर एका सहीनं बंद होते. घरोघरची गिऱ्हाइकं अशी एका दिवसात जात नाहीत.

आणि आम्ही आयटीवाले? एकाच बड्या क्लायंटवर निवांत! असो, उद्या सोमवार.