गुराब म्हणजे काय? नाव कुठून आलं?

विजयदुर्गला जायचं ठरलं, म्हणून पुण्याहून निघण्याआधी मी आंग्र्यांच्या आरमारावरचा एक इंग्रजी लेख फोनवर मराठीत करून वाचत होतो. अ‍ॅपने जहाजाच्या जागी सगळीकडे ‘पकडणे’ असं लिहून ठेवलेलं! बोलून सर्च केलं तर फोनने ‘गुराब’चं ‘गुलाब’ केलं.

घोळ असा झाला. इंग्रजी पुस्तकांत या जहाजाला ‘ग्रॅब’ म्हणतात. पण हिसकावणे या अर्थाच्या ‘ग्रॅब’शी त्याचा काही संबंध नाही. मूळ शब्द अरबी, ‘घुराब’, म्हणजे कावळा. मराठीत तो गुराब झाला आणि इंग्रजांच्या तोंडी ग्रॅब. इंग्रज आंग्र्यांना चाचे म्हणायचे, त्यामुळे ‘लुटायचे म्हणून ग्रॅब’ हे कुणालाही पटकन पटेल. पण ते चूक आहे.

गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. पुढचं टोक चोचीसारखं निमुळतं, आणि तिथे समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. तळ उथळ, त्यामुळे खाड्यांमध्ये सहज शिरता यायचं. सोबत लहान गलबतं असत, त्यांना शिडांबरोबर वल्हीही. वारा पडला की गलबतं वल्हवत गुराबेला ओढून न्यायची. मोठ्या युरोपीय जहाजाला गाठायचं ते मागच्या बाजूने, कारण त्याच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत. (‘गलबत’ कुठून आला यावर एकमत नाही. काही जण पोर्तुगीज ‘गलेओटा’शी जोडतात.)

या आरमाराचा शेवट मात्र आपल्या पुण्याशी जोडलेला आहे, आणि शनिवारवाड्यासमोर सेल्फी काढताना ते कुणी सांगत नाही. तुळाजी आंग्र्यांशी बिनसल्यावर नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा बंदरातलं तुळाजींचं आरमार जळून गेलं. माझ्या मते पेशव्यांची ही मोठी चूक होती.

तुम्हाला शोधायचं असेल तर नुसतं ‘ग्रॅब’ टाकू नका, सोबत ‘मराठा आरमार’ किंवा ‘आंग्रे’ जोडा. बोलण्याऐवजी टाइप करा. आणि जुन्या मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे, फोनवरही उघडतो.