बंदूक नसलेल्यांचे युद्ध

युद्धावरील बहुतेक व्हिडिओ गेममध्ये सामान्य माणूस हटकून गैरहजर असतो. शहर असते, घरे असतात, दुकानांवर पाट्याही असतात. पण त्या घरांत राहणारे कोणी दिसत नाही. समोर येईल तो शत्रू, आणि त्याला टिपणे हे कर्तव्य. ‘बॅटलफील्ड ३’ या २०११ मधील खेळाचे कार्यकारी निर्माते पॅट्रिक बाख यांनी यामागचे कारण तेव्हाच उघडपणे सांगितले होते. चांगला आणि वाईट असे दोन्ही मार्ग खुले ठेवले, तर खेळाडू वाईटाकडेच वळतो. वात्रटपणा करण्यात त्याला मौज वाटते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सबब नागरिकच नकोत. हा युक्तिवाद व्यवहारी खरा, पण तो कितपत सत्य आहे याची परीक्षा पुढच्या काही वर्षांत एक-दोन खेळांनी घेतली.

आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा फारशी झालीच नाही. ‘पबजी’वर बंदी घालावी यासाठी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी प्रत्यक्ष बंदी घातली, ती मात्र माहितीच्या सुरक्षिततेच्या कारणावरून. घरोघरी वाद झाले ते मुलांच्या व्यसनाचे, वाया जाणाऱ्या वेळेचे आणि हिंसेचे. पण शंभर जण एका बेटावर उतरतात आणि एकच जिवंत उरतो, त्या बेटावरील रिकाम्या घरांत आधी कोण राहत होते, हा प्रश्न खेळणाऱ्यांना पडला नाही आणि त्यांना रागावणाऱ्या पालकांनाही नाही.

नागरिकांना पडद्यावर आणण्याचा सर्वात गाजलेला प्रयत्न २००९ मधला. ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ या खेळात दहशतवाद्यांच्या टोळीत शिरलेला अमेरिकी हेर म्हणून खेळाडू मॉस्कोच्या एका विमानतळावर पोहोचतो. टोळी निःशस्त्र प्रवाशांवर बेछूट गोळ्या झाडू लागते. खेळाडूने गोळी झाडलीच पाहिजे असे बंधन नाही. हा भाग वगळून पुढे जाण्याचीही सोय होती. जपानी आणि जर्मन आवृत्त्यांत तर नागरिकाला मारले की डाव तिथेच संपे. जगभर गदारोळ उठला. तरीही त्या प्रसंगात खरी निवड अशी नव्हतीच. खेळाडूने बंदूक खाली ठेवली तरी प्रवासी मरतातच आणि त्याच्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. धक्का देणे एवढाच हेतू होता, असे म्हणावेसे वाटते.

बर्लिनच्या यागर कंपनीने २०१२ मध्ये आणलेला ‘स्पेक ऑप्स : द लाईन’ याहून महत्त्वाकांक्षी होता. जोसेफ कॉनरॅड यांच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वरून स्फुरलेली ही कथा वाळूच्या वादळांखाली गाडल्या गेलेल्या दुबईत घडते. कॅप्टन वॉकर आपल्या दोन साथीदारांसह एका ठिकाणी अडतो. समोर शत्रूचे सैन्य, हाताशी पांढऱ्या फॉस्फरसचे तोफगोळे. हवा लागताच पेट घेणारे हे रसायन माणसाला हाडापर्यंत जाळते. खेळाडू एका पडद्यावर पाहत पांढऱ्या ठिपक्यांवर मारा करतो आणि त्या पडद्याच्या काचेत वॉकरचा चेहरा दिसत असतो. नंतर त्याला त्या राखेतून चालत जावे लागते. ठिपक्यांचा एक मोठा पुंजका आश्रयाला आलेल्या नागरिकांचा होता, हे तेव्हा कळते.

हा प्रसंग विसरता येत नाही. पण त्यात एक अप्रामाणिकपणा आहे. फॉस्फरस वापरल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही. आधी दुसरा मार्ग बंद करायचा आणि मग खेळाडूलाच दोषी ठरवायचे, ही तक्रार अनेकांनी केली आणि ती रास्त आहे. खेळ बंद करून उठणे हाही एक पर्यायच, असे याचे समर्थक म्हणतात. पण पैसे मोजून आणलेल्या खेळाविषयी हे सांगणे जरा जास्तच झाले. २०२४ च्या जानेवारीत हा खेळ ऑनलाइन विक्रीतून काढून घेण्यात आला.

बाख यांच्या म्हणण्याला सर्वात ठोस उत्तर दिले ते पोलंडने. वॉर्सा येथील इलेव्हन बिट स्टुडिओज या कंपनीचा ‘दिस वॉर ऑफ माईन’ १४ नोव्हेंबर २०१४ रोजी प्रसिद्ध झाला. यात खेळाडू सैनिक नसतो. वेढा पडलेल्या एका काल्पनिक शहरातील पडक्या घरात काही माणसे राहतात : कोणी स्वयंपाकी, कोणी पत्रकार, कोणी एकेकाळचा फुटबॉलपटू. दिवसा बाहेर पडावे तर बंदूकधारी नेमबाज टपलेले. म्हणून दिवस घरात काढायचा. चूल तयार करायची, पावसाचे पाणी गाळायचे, फळकुटे जोडून बिछाना करायचा. रात्री एकाने बाहेर जाऊन अन्न, औषधे, लाकूडफाटा जे मिळेल ते आणायचे. युद्ध किती दिवस चालणार, हे खेळाडूला ठाऊक नसते.

या शहराचे मूळ सर्वांना माहीत आहे. बॉस्नियातील सारायेव्होचा वेढा एप्रिल १९९२ मध्ये सुरू झाला आणि २९ फेब्रुवारी १९९६ रोजी, म्हणजे १,४२५ दिवसांनी उठला. लोकांनी बागांतील झाडे तोडून जाळली, मग घरातील सामान आणि पुस्तके जाळली. पाण्याच्या रांगेत उभे असताना माणसे मारली गेली. विमानतळाच्या धावपट्टीखालून खणलेले सुमारे ८०० मीटर लांबीचे भुयार हाच बाहेरच्या जगाशी दुवा उरला होता. वेढ्याला वीस वर्षे झाली तेव्हा, ६ एप्रिल २०१२ रोजी, शहराने मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या. प्रत्येक मृतासाठी एक.

खेळात चांगल्या-वाईटाचे गुण दाखवणारी पट्टी कुठेच नाही. एका घरात एक म्हातारे जोडपे राहते. त्यांच्याकडे अन्न आहे, औषधे आहेत, प्रतिकाराची शक्ती मात्र नाही. म्हातारा मागे मागे येतो आणि विनवतो. लुटायचे तर अडवणारे कोणी नाही. दया दाखवली तर आपल्या घरातील आजारी माणूस कदाचित दगावेल. लुटून परतले, की घरातील माणसांची मने खचू लागतात. खचलेला माणूस काम करत नाही, ऐकत नाही, क्वचित स्वतःचा जीवही देतो. कधी दारावर थाप पडते आणि मुले आईसाठी औषध मागतात. पिशवीत एकच गोळ्यांची डबी असते. खेळाची नोंद मनाला येईल तेव्हा जतन करून ठेवण्याची सोय नसल्याने, पश्चात्ताप झाला तर मागे जाणेही सोपे नाही.

वात्रटपणाला वाव पुरेपूर आहे. तरीही ज्यांनी हा खेळ खेळला त्यांच्याकडून ऐकू येते ते बहुधा त्या म्हाताऱ्याविषयीच. वाईट वागण्यात मौज वाटते ती किंमत चुकवावी लागत नाही तोवर, असा याचा अर्थ लावता येईल. अर्थात खुर्चीवर बसून भोगलेली भूक ही भूक नव्हे, ही मर्यादा येथेही आहेच.

एप्रिल २०१९ पर्यंत या खेळाच्या ४५ लाख प्रती खपल्या. दरम्यान, २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरॅक्टिव्हने ‘आर्मा ३’ या खेळाला ‘लॉज ऑफ वॉर’ ही पुरवणी जोडली. तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीशी सहकार्य करण्यात आले. यात खेळाडू सुरुंग निकामी करणारा मदत कार्यकर्ता असतो आणि एका गावात काय घडले, ते निरनिराळ्या बाजूंनी पाहतो.

जून २०२० मध्ये पोलंडचे तत्कालीन पंतप्रधान मातेउश मोराविएत्स्की यांनी ‘दिस वॉर ऑफ माईन’ शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेण्याची घोषणा केली. खेळ प्रौढांसाठीचा असल्याने तो अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांपुरताच होता आणि त्यांना तो विनामूल्य देण्यात आला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. पुढील सात दिवसांत या खेळातून मिळणारा सारा पैसा युक्रेनच्या रेड क्रॉसला देण्याचे कंपनीने त्याच दिवशी जाहीर केले. आठवड्याअखेर सुमारे साडेआठ लाख डॉलर जमले. तोवर युक्रेनमधून निघालेली लाखो माणसे पोलंडची सीमा ओलांडू लागली होती.