जखम भरते कशी?

कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगतच्या कुरुंदवाड (जि. कोल्हापूर) परिसरात ऊसतोडणीच्या काळात कोयत्याची जखम ही नित्याचीच बाब. बहुतेक जखमा आपोआप भरतात. ही किमया शरीर चार टप्प्यांत साधते.

पहिला टप्पा रक्त थांबविण्याचा. कापलेली रक्तवाहिनी आकुंचन पावते, प्लेटलेट्स तेथे चिकटतात आणि फायब्रिनच्या तंतूंचे जाळे विणले जाऊन गुठळी तयार होते. पाठोपाठ पांढऱ्या पेशी जंतू व मृत पेशींचा फडशा पाडतात. सुरुवातीची सूज, लाली आणि ठणका ही या सफाईचीच लक्षणे होत. ती दिवसेंदिवस वाढत गेली, पू किंवा ताप आला, तर मात्र जंतुसंसर्गाची शंका घ्यावी.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सूक्ष्म रक्तवाहिन्या व कोलॅजेन यांची गुलाबी, दाणेदार ऊती जखमेत भरू लागते आणि कडेच्या त्वचापेशी तिच्यावरून सरकत जखम झाकतात. अखेरचा, मजबुतीचा टप्पा वर्षभरही चालतो. तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ त्वचेच्या सुमारे २० टक्केच बळ असते. पुढेही ते ८० टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. मधुमेह, धूम्रपान आणि प्रथिनांची कमतरता यांमुळे हे काम रेंगाळते.

जखमेवर हळद दाबण्याची प्रथा जुनी. जखमेवरील हळदीच्या वापरासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या 'सीएसआयआर'च्या आक्षेपानंतर १९९७ मध्ये रद्द झाले. मात्र हे ज्ञान नवे नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले. स्वयंपाकघरातील हळद निर्जंतुक नसते. खोल जखमेत ती भरू नये.

खरा धोका धनुर्वाताचा. त्याचे जिवाणू माती व शेणात सुप्तावस्थेत राहतात आणि प्राणवायू न पोहोचणाऱ्या खोल जखमेत विष तयार करतात. लक्षणे साधारण ३ ते २१ दिवसांत दिसतात. तोवर जखम वरून भरलेलीही असू शकते. म्हणूनच २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या या भागात गाळात किंवा शेतात झालेली जखम क्षुल्लक मानणे महागात पडू शकते.

जखम स्वच्छ, वाहत्या पाण्याने भरपूर धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे. जखम मळलेली किंवा खोल असून धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर डॉक्टरांकडून ती त्वरित टोचून घ्यावी. जखम भरण्याचे काम शरीर करते. धनुर्वाताच्या विषापासून संरक्षण मात्र लसच देते.